चेंडू मैदानात, नजर गल्ल्यावर

जून २०२२ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने आयपीएलच्या प्रक्षेपण हक्कांचा लिलाव केला. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या हक्कांपोटी बोली लागली ती ४८,३९० कोटी रुपयांची. या पाच वर्षांत ४१० सामने होतील असे त्या वेळी धरण्यात आले होते. म्हणजे एका सामन्याचा भाव सुमारे ११८ कोटी रुपये. एका सामन्यात दोन्ही डाव मिळून जास्तीत जास्त २४० वैध चेंडू टाकले जातात. भागाकार करून पाहा. एका चेंडूची किंमत ४९ लाख रुपयांच्या घरात जाते. फलंदाजाने तो चेंडू सोडून दिला तरी भाव तोच!

हा पैसा येतो कुठून? स्टेडियमच्या तिकिटांतून एवढी रक्कम उभी राहणे शक्य नाही. वाहिनी मंडळाला पैसे देते, जाहिरातदार वाहिनीला देतो आणि जाहिरातदार तो खर्च आपल्या साबणाच्या, बिस्किटाच्या, टायरच्या किमतीतून वसूल करतो. व्यापाराचा साधा नियम असा की, ज्याच्या खिशातून पैसे थेट येतात तो गिऱ्हाईक आणि जे त्याला विकले जाते तो माल. दूरचित्रवाणीवरील क्रिकेटच्या धंद्यात जाहिरातदार हा मोठा गिऱ्हाईक आहे. त्याला विकला जाणारा माल म्हणजे सामना पाहणाऱ्या कोट्यवधी लोकांचे लक्ष. हे एकदा ध्यानात आले की गेल्या पन्नास वर्षांत क्रिकेटमध्ये जे बदल झाले त्यांचा उलगडा होऊ लागतो. दुकानदार गिऱ्हाइकाच्या सोयीने दुकान मांडतो. क्रिकेटचे दुकानही तसेच मांडले गेले.

सुरुवात ऑस्ट्रेलियातून

या व्यवहाराचा पाया कॅरी पॅकर या ऑस्ट्रेलियन उद्योगपतीने घातला. त्याच्या मालकीच्या चॅनेल नाइनला क्रिकेट प्रक्षेपणाचे हक्क हवे होते. १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने त्याला नकार दिला. तेव्हा त्याने जगभरातील पन्नासहून अधिक नामवंत खेळाडूंशी गुपचूप करार केले आणि १९७७ मध्ये स्वतःची वर्ल्ड सिरीज क्रिकेट ही स्पर्धा उभी केली. रंगीत कपडे, पांढरा चेंडू, प्रकाशझोतात रात्री खेळले जाणारे सामने या गोष्टी त्यातूनच रूढ झाल्या. दिवसभर कामावर असलेला माणूस रात्री घरी येऊन टीव्ही लावतो, त्या वेळी सामना चालू असला तर जाहिरातीला भाव येतो, हा त्यामागचा हिशेब होता. १९७९ मध्ये मंडळाला पॅकरशी तडजोड करावी लागली आणि हक्क त्याच्या वाहिनीकडे गेले.

त्याच सुमारास, म्हणजे १९७९-८० च्या हंगामापासून, ऑस्ट्रेलियातील आठ चेंडूंचे षटक सहा चेंडूंचे झाले. आठ चेंडूंच्या हिशेबाने २४० चेंडूंत ३० षटके होतात आणि त्यांच्यामध्ये २९ वेळा थांबावे लागते. सहा चेंडूंच्या हिशेबाने त्याच २४० चेंडूंची ४० षटके होतात आणि थांबण्याच्या जागा ३९ होतात. खेळ तेवढाच, पण जाहिरातीच्या जागा दहाने वाढल्या.

आपल्याकडे दूरदर्शनचे राज्य

भारतात चित्र वेगळे होते. १९८२ च्या एशियाड स्पर्धांच्या वेळी रंगीत दूरचित्रवाणी आली आणि २५ जून १९८३ रोजी कपिलदेवच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला. त्या वेळी क्रिकेट मंडळाकडे खेळाडूंना द्यायला पैसे नव्हते. लता मंगेशकर यांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्यातून जमलेल्या पैशातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देण्यात आले. जगज्जेत्या संघाची ही अवस्था होती, हे आजच्या पिढीला सांगूनही खरे वाटणार नाही.

प्रक्षेपणाची मक्तेदारी दूरदर्शनची होती. सामना दाखवायचा तर मंडळालाच दूरदर्शनला पैसे मोजावे लागत. हे गणित १९९३ मध्ये उलटू लागले. बंगाल क्रिकेट संघटनेने हीरो कप स्पर्धेचे हक्क एका परदेशी कंपनीला विकले. दूरदर्शनने आणि सरकारने हरकत घेतली, कंपनीची यंत्रसामग्री कस्टम्समध्ये अडकली आणि प्रकरण न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, त्यांचे नियमन जनतेच्या हितासाठी स्वायत्त संस्थेने करावे, असा त्याचा आशय होता. प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिले होते.

या निकालातील एक गोष्ट विसरली जाते. सरकारची मक्तेदारी जावी, पण तिच्या जागी धनिकांची मक्तेदारी येऊ नये, हाही इशारा त्यात होता. मंडळाने निकालाचा पहिला भाग उचलला आणि बाजारात उतरले. दुसऱ्या भागाचे काय झाले ते पुढे पाहू.

शीतपेयांची लढाई

१९९६ चा विश्वचषक भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका यांनी मिळून भरवला. त्याचे नाव होते विल्स वर्ल्ड कप, म्हणजे एका सिगारेटच्या नावावर जगातली सर्वांत मोठी स्पर्धा. प्रक्षेपण हक्क मार्क मस्करेन्हास यांच्या वर्ल्डटेल कंपनीने घेतले होते. याच मस्करेन्हास यांनी १९९५ मध्ये सचिन तेंडुलकरशी करार करून खेळाडूचे नाव कोट्यवधी रुपयांना कसे विकता येते हे दाखवून दिले होते.

या स्पर्धेचे अधिकृत शीतपेय होते कोकाकोला. अधिकृत दर्जासाठी कोकाकोलाने मोठी रक्कम मोजली. पेप्सीने मात्र 'नथिंग ऑफिशियल अबाउट इट' अशी मोहीम काढून अधिकृतपणाचीच थट्टा केली. ज्याने पैसे भरले त्याच्यापेक्षा ज्याने भरले नाहीत त्याचीच चर्चा जास्त झाली. जाहिरात व्यवसायात याला ॲम्बुश मार्केटिंग म्हणतात, म्हणजे दबा धरून केलेली जाहिरात.

त्याचा परिणाम खेळाडूंना भोगावा लागला. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २००० मध्ये दोन विश्वचषकांसह आपल्या स्पर्धांचे हक्क ५५ कोटी डॉलरना विकले. एवढा पैसा देणाऱ्या प्रायोजकांना संरक्षण हवे होते. म्हणून २००२ मध्ये खेळाडूंपुढे करार ठेवण्यात आला. स्पर्धेच्या काळात आणि तिच्या आधी-नंतर ३० दिवस, अधिकृत प्रायोजकाच्या प्रतिस्पर्धी कंपनीची जाहिरात खेळाडूने करायची नाही! भारतीय खेळाडूंनी विरोध केला आणि २००३ चा विश्वचषक आपला संघ खेळणार की नाही, अशी वेळ आली. भांडण धावांचे नव्हते, पंचांच्या निर्णयाचेही नव्हते. कुठल्या कंपनीचा फ्रीज आणि कुठल्या कंपनीची मोटारसायकल, यावर ते होते.

विश्रांतीचीही विक्री

२००८ मध्ये आयपीएल सुरू झाली आणि खेळाची रचनाच जाहिरातीच्या मापाने बेतण्यात आली. कसोटी पाच दिवस चालते, एकदिवसीय सामना दिवस खातो. वीस षटकांचा सामना संध्याकाळच्या तीन-चार तासांत, म्हणजे जाहिरातीचा भाव सर्वांत जास्त असतो त्याच वेळेत, बरोबर बसतो. एका डावात षटकांच्या मधल्या १९ जागा, दोन डावांच्या ३८. शिवाय बळी पडला की एक जागा, तिसऱ्या पंचाकडे निर्णय गेला की आणखी एक.

तेवढ्यानेही भागले नाही. २००९ मध्ये आयपीएल दक्षिण आफ्रिकेत झाली तेव्हा डावाच्या मध्ये साडेसात मिनिटांची 'स्ट्रॅटेजिक टाइम-आउट' आली. खेळाडूंनी डाव आखण्यासाठी ही विश्रांती आहे असे सांगण्यात आले. लय तुटते म्हणून खेळाडूंनी तक्रार केली, तेव्हा पुढच्या वर्षी तिचे तुकडे करून प्रत्येक डावात अडीच-अडीच मिनिटांच्या दोन विश्रांती ठेवण्यात आल्या. चार विश्रांतींची मिळून दहा मिनिटे होतात. या विश्रांतीलाही प्रायोजक मिळाला आणि तिच्यापुढे कंपनीचे नाव लागू लागले.

टीव्हीसमोर बसणाऱ्याला याचा अनुभव रोजचा आहे. षटकाचा शेवटचा चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात पोहोचतो न पोहोचतो तोच पडद्यावर रंगाचा डबा येतो. परत येतो तेव्हा गोलंदाज धावत निघालेला असतो. क्षेत्ररक्षण कसे बदलले, कर्णधार गोलंदाजाला काय सांगत होता, हे जाणकाराला हवे असते आणि नेमके तेच हरवते. केबल नियमांत तासाला बारा मिनिटांहून जास्त जाहिराती नकोत अशी मर्यादा घालण्यात आली, पण पडद्याच्या कडेला, धावफलकाभोवती, सीमारेषेवर, यष्टीवर, पंचाच्या पाठीवर आणि समालोचकाच्या तोंडी जे नाव येते ते सेकंदाच्या हिशेबात कसे मोजायचे?

शर्टावरची नावे

व्यापारात रस असणाऱ्याने भारतीय संघाच्या शर्टावरील नावांची यादी एकदा क्रमाने वाचावी. देशाच्या बाजारात कोणाचे दिवस आले आणि कोणाचे गेले, याचा तो ताळेबंदच आहे.

१९९० च्या दशकात शर्टावर विल्स होते. तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी येणार हे दिसताच २००१ मध्ये कंपनीने अंग काढून घेतले. २००३ च्या कायद्याने तंबाखू उत्पादनांच्या जाहिराती आणि प्रायोजकत्व बंद झाले. पुढे २०१३ च्या अखेरपर्यंत सहाराचे नाव होते. लहान ठेवीदारांकडून पैसे गोळा करून वाढलेला हा समूह. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या दोन कंपन्यांना सुमारे २४,००० कोटी रुपये गुंतवणूकदारांना परत करण्याचा आदेश दिला आणि २०१४ मध्ये समूहाचे प्रमुख तुरुंगात गेले. त्यानंतर स्टार आली, म्हणजे सामना दाखवणारी वाहिनीच शर्टावर बसली. २०१७ मध्ये ओपो ही चिनी मोबाइल कंपनी १,०७९ कोटी रुपयांचा करार करून आली आणि २०१९ मध्ये मध्येच आपला करार बायजूजला देऊन बाजूला झाली. मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या विकणारी बायजूज २०२३ पर्यंत राहिली. १५८.९ कोटी रुपयांच्या थकबाकीसाठी क्रिकेट मंडळानेच अर्ज केला आणि जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली.

२०२३ मध्ये आले ड्रीम११. खेळाडूंचा काल्पनिक संघ बनवा आणि पैसे लावा, असा हा व्यवसाय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. विधेयक आणताना सरकारने दिलेला अंदाज असा होता की, सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसली आणि त्यांचे २०,००० कोटींहून अधिक रुपये बुडाले. ड्रीम११ बाहेर पडले. सप्टेंबर २०२५ मध्ये आशिया चषकात भारतीय संघ शर्टावर मुख्य प्रायोजकाचे नाव न घेता खेळला. त्याच महिन्यात अपोलो टायर्सने ५७९ कोटी रुपयांचा करार केला.

सिगारेट, ठेव योजना, मोबाइल, शिकवणी, पैज! ज्यांचा पैसा यांत गेला त्यांपैकी अनेकांनी ते नाव प्रथम आपल्या लाडक्या खेळाडूच्या छातीवर पाहिले होते. खेळाडूच्या छातीवर नाव दिसले की लोक कंपनीचा ताळेबंद पाहत नाहीत. कंपनी पैसे मोजते ते नेमके यासाठीच. नाव लावण्यापूर्वी कंपनीची ऐपत कितपत आहे हे मंडळ कदाचित तपासत असेल, पण तिचा माल लोकांच्या घरात काय करतो हे तपासण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नाही.

याच खेळात वेगळी उदाहरणेही आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या संघाची प्रायोजक बिअर कंपनी होती. हाशिम अमलाने आपल्या श्रद्धेमुळे तिचे चिन्ह नसलेला शर्ट घातला आणि तो वर्षानुवर्षे त्या संघाचा आधारस्तंभ राहिला. तेंडुलकरने तंबाखू आणि दारूच्या जाहिराती नाकारल्या. दोघांचेही काही अडले नाही. दुसरीकडे, वेलदोड्याच्या आडून गुटख्याचे नाव पुढे करणाऱ्या जाहिराती आयपीएलच्या पडद्यावर इतक्या वाढल्या की, मार्च २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाला आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहून तंबाखू आणि दारूच्या आडवळणाच्या जाहिराती बंद करण्यास सांगावे लागले.

लोढा समितीची सूचना

२०१३ च्या आयपीएलमधील फिक्सिंग प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती आर. एम. लोढा यांची समिती नेमली. जानेवारी २०१६ मधील तिच्या अहवालाची चर्चा झाली ती पदाधिकाऱ्यांचे वय आणि मुदत यांवर. पण त्यात प्रेक्षकांच्या बाजूची एक सूचना होती. कसोटी आणि एकदिवसीय सामन्यांत दोन षटकांमध्ये जाहिराती दाखवू नयेत. उपाहार, चहापान आणि पेयपानाच्या वेळीच त्या दाखवाव्यात आणि एरवी संपूर्ण पडदा खेळाला द्यावा.

मंडळाने उत्पन्न कोसळेल म्हणून विरोध केला. जुलै २०१६ मध्ये न्यायालयाने समितीच्या बहुतेक शिफारशी मान्य केल्या, पण प्रक्षेपण कराराचा हा मुद्दा मंडळाच्याच निर्णयावर सोडला. मंडळाने काय निर्णय घेतला हे पडद्याकडे पाहिले की कळते.

पैसा आला हे वाईटच झाले का?

तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या देशात जगज्जेत्यांसाठी गाण्याचा कार्यक्रम करावा लागला, तिथे आज छोट्या गावातला मुलगा एका हंगामात घराचे दैन्य फेडू शकतो. महिला प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे हक्क २०२३ मध्ये ९५१ कोटींना गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये महिला खेळाडूंना पुरुषांइतके सामना मानधन जाहीर झाले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. पैशाशिवाय हे एवढ्या लवकर घडले नसते.

महाराष्ट्राच्या मातीतल्या कबड्डीचेही तेच. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली. माती गेली, मॅट आली. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली आणि सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवा नाहीतर बाद व्हा, असा नियम आला. हे सारे पडद्यासाठी. पण त्यामुळे कबड्डीपटूला नाव आणि दाम मिळाले हेही खरे आहे. टीव्हीमुळे खेळ बदलणारच. प्रश्न असतो तो बदल ठरवताना खेळाडू आणि प्रेक्षक यांना विचारले जाते का, हा.

बिल कोण भरतो?

न्यायमूर्ती सावंतांच्या निकालातील दुसऱ्या भागाकडे आता वळू. २०२२ च्या लिलावात टीव्हीचे हक्क स्टारने २३,५७५ कोटींना आणि मोबाइल-इंटरनेटचे व्हायकॉम१८ ने वेगळे घेतले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र आल्या. २०२३ आणि २०२४ मध्ये मोबाइलवर फुकट दिसणारी आयपीएल २०२५ पासून वर्गणीच्या मागे गेली. म्हणजे प्रेक्षक वर्गणीही देतो आणि जाहिरातही पाहतो.

२००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे खासगी वाहिन्यांना बंधनकारक केले. त्यामुळे गरिबाच्या घरातही भारताचे सामने दिसू लागले. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच दाखवता येईल, केबलवाल्यांमार्फत नाही. ज्याच्या घरी केबल आहे त्याला पैसे भरण्यावाचून गत्यंतर नाही.

छोट्या व्यापाऱ्याची अडचण निराळी आहे. गावातला फरसाण, मसाला किंवा साबण बनवणारा कारखानदार ११८ कोटींच्या सामन्यात दहा सेकंदही विकत घेऊ शकत नाही. गिऱ्हाईक दुकानात येऊन टीव्हीवरचेच नाव मागते. दुकानदाराला तो माल ठेवावा लागतो आणि त्यात सुटणारी रक्कम थोडी असते. स्थानिक माल चांगला असूनही फळीवर मागे जातो. म्हणून ज्यांना जाहिरात करायची आहे त्यांनी आपल्या आवाक्यातले मैदान निवडावे. कोकणात आणि मुंबईत टेनिस चेंडूच्या स्पर्धा हंगामभर चालतात आणि अनेक स्पर्धा आता यूट्यूबवर थेट दिसतात. गावातल्या चषकाला आपल्या दुकानाचे नाव देणे तुलनेने स्वस्त पडते आणि ते नाव आपल्याच गिऱ्हाइकासमोर जाते.

घरातल्या वडीलधाऱ्यांनीही एक काम करावे. मुले सामना पाहत असताना जाहिरात लागली की, ही कंपनी काय विकते, पैसे कोणाकडून घेते आणि आपला आवडता खेळाडू हे नाव का घेतो, हे त्यांना विचारावे. दोन षटकांच्या मध्ये तेवढा वेळ मिळतो. ठेव ठेवताना, शिकवणीचे हप्ते भरताना किंवा मोबाइलवर पैसे लावायचे ॲप उतरवताना जाहिरातीतला चेहरा बाजूला ठेवून कंपनीची कागदपत्रे पाहावीत. आणि लोढा समितीची ती सूचना निदान कसोटी सामन्यांपुरती तरी अमलात आणावी, ही मागणी प्रेक्षकांनी मंडळाकडे लावून धरावी. आयपीएलच्या उत्पन्नाला त्याने धक्का लागणार नाही, कारण समितीने आयपीएलला त्यातून वगळलेच होते.